अन्वर अली, स्टॉपर

फुटबॉलपटू अन्वर अलीचा ईसीजी मी पाहिलेला नाही. तो पंजाबातला, जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा, मी सोलापूरची. पण 2019 मध्ये त्याच्या आजाराचं जे नाव बातम्यांत आलं, त्या आजारात कागदावर रेघ कशी उमटते ते मी पाहिलंय. मी इथल्या एका रुग्णालयात ईसीजी टेक्निशियन आहे. हातापायांना चार क्लिपा, छातीवर सहा बल्ब, थोडी जेल, ‘हलू नका, बोलू नका’, आणि मग गुलाबी चौकटींच्या कागदावर रेघ सरकताना बघत उभं राहायचं, हे माझं रोजचं काम. वाचायचं काम डॉक्टरांचं. पण इतकी वर्षं तोच कागद हातातून गेला की नजर तयार होतेच. काही कागद मशीनमधून बाहेर येता येताच कळतात.

माझा धाकटा दहावीला आहे आणि शाळेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मागचा मधला बचावपटू, खेळतो. त्यामुळे अन्वरची गोष्ट मला दोन्हीकडून भिडते. बरेच दिवस डोक्यात घोळत होती, आज लिहून काढते.

घरात फुटबॉल आला तो माझ्या वडिलांमुळे. ते रेल्वेत होते. सोलापूर म्हणजे रेल्वेचं विभागीय ठिकाण, त्यामुळे कॉलनीत कुठकुठून बदली होऊन आलेली माणसं असायची, आणि संध्याकाळी ड्युटी सुटली की मैदानावर फुटबॉल पडायचा. वडील मागे खेळायचे. उंच होते, हेडर चांगला होता, आणि स्वभाव शांत. त्यांनी आयुष्यात किती गोल केले हे त्यांना सांगता आलं नसतं, पण त्यांच्यामुळे कोणते गोल झाले नाहीत ते एकेक आठवायचं. ‘तो बंगाली पोरगा उजवीकडून आत आला होता, मी त्याला बाहेरच ठेवला,’ असं जेवताना सांगायचे, जसं काही कालच घडलंय.

सोलापूर तसं क्रिकेटचं गाव. पार्क मैदानावर सामना असला की दुकानं सोडून माणसं जातात. फुटबॉल इथे थोड्या शाळांत, रेल्वेच्या पोरांत आणि पहाटे मैदानावर जमणाऱ्या मूठभर वेड्यांत जगतो. कोल्हापूरसारखं नाही. तिथे तालमींचे संघ, पेठापेठांची ईर्षा, शाहू स्टेडियमवर बसायला जागा नसते. मला कोल्हापूरचा याबाबत मनापासून हेवा वाटतो.

2017 साली भारतात 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला. फिफाच्या कोणत्याही स्पर्धेत भारताचा संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या आधी, 15 सप्टेंबरला, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यभर शाळांमध्ये एकाच दिवशी मुलांना फुटबॉल खेळायला लावला होता. माझा मुलगा तेव्हा अगदी लहान. त्या दिवशी शाळेतून आला तो पांढरे मोजे लाल मातीचे करून, आणि त्या रात्री झोपेत पाय झाडत होता. त्यानंतर त्याला दुसरं काही आवडलंच नाही.

6 ऑक्टोबरला भारताचा पहिला सामना दिल्लीत, अमेरिकेशी. वडील टीव्हीसमोर, मांडीवर नातू. वडिलांना कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं कौतुक. ‘आपला पोरगा, आपला पोरगा’ चाललं होतं. पण थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘मागचा तो पोरगा बघ. चार नंबर असो की कुठला असो, त्याचं नाव काय?’ तो अन्वर अली. त्या सामन्यात भारत 3-0 ने हरला. शेवटी शेवटी अन्वर पुढे गेला, त्याचा फटका क्रॉसबारला लागून परत आला, आणि त्याच चेंडूवर अमेरिकेने धावत जाऊन तिसरा गोल केला. मी हळहळले. वडील मात्र खूश होते. ‘स्टॉपर पुढे गेला हे बरोबर. पण जाताना मागे कोण राहिलंय ते बघायला पाहिजे. शिकेल.’

लहानपणी अन्वर पुढे खेळायचा, गोल करणारा होता. मिनर्व्हा फुटबॉल अकादमीत त्याला मागे आणलं. हे नंतर वाचलं तेव्हा तो क्रॉसबारवरचा फटका मला वेगळा दिसायला लागला. मूळचा स्ट्रायकर असलेल्या डिफेंडरच्या पायात चेंडू आला की तो नुसता उडवून टाकत नाही, डोकं वर करून बघतो. अन्वरचे ते लांब, तिरके पास, मागून थेट समोरच्या विंगला, हे तिथूनच आलेत असं मला वाटतं.

वर्ल्ड कपचे तिन्ही सामने भारत हरला. कोलंबियाविरुद्ध 2-1, घानाविरुद्ध 4-0. पण त्या मुलांना भारताच्या फुटबॉल फेडरेशनने विखरू दिलं नाही. इंडियन ॲरोज या नावाखाली त्यांना थेट आय-लीग या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेत, मोठ्या माणसांत, खेळायला उतरवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. सतरा-अठरा वर्षांची पोरं, समोर तिशीतले परदेशी खेळाडू. डिफेन्सच्या मुलांसाठी याच्याहून कडक शाळा नाही. स्ट्रायकरला चार चुका माफ असतात, पाचव्यांदा गोल झाला की झालं. मागच्याची एक चूक रात्रीच्या बातम्यांत दिसते.

ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या 20 वर्षांखालच्या संघाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. समोरच्या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी. पुढे 2022 मध्ये मेस्सीच्या संघाला वर्ल्ड कप जिंकून देणारे तेच. भारताकडून पहिला गोल दीपक तांगरीचा. दुसऱ्या हाफमध्ये अनिकेतला रेड कार्ड मिळालं, दहा जण उरले. आणि अशा वेळी फ्री किक मिळाली तेव्हा चेंडूवर उभा राहिला तो स्टॉपर, अन्वर. चेंडू वर जाऊन जाळ्यात. वडील तेव्हा अंथरुणावर होते, मी मोबाईलवर त्यांना तो गोल दाखवला. परत दाखव म्हणाले. परत दाखवला. मग विचारलं, ‘गोल झाल्यावर हे दहा जण कसे उभे राहिले ते दाखव.’ ते त्या छोट्या क्लिपमध्ये नव्हतं. त्यांना गोलापेक्षा त्यानंतरचा वेळ बघायचा होता, जेव्हा अर्जेंटिना तुटून पडला असेल आणि मागच्यांनी तो सोसला असेल.

मुंबई सिटी क्लबने अन्वरला घेतलं होतं. एक हंगाम ॲरोजमध्येच खेळवून मग 2019 ला तो आयएसएल या देशातल्या बड्या लीगमध्ये उतरणार, असं दिसत होतं. वय 19. आणि तपासणीत त्याच्या हृदयात दोष निघाला. एपिकल हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी.

इथे मी थोडं थांबून सांगते, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि लोकांना नीट कोणी सांगत नाही.

हृदयाचा स्नायू काही जणांत जन्मजात कारणाने जाड होत जातो. साधारण पाचशेत एकाला हे असतं, म्हणजे फार दुर्मीळ नाही. एपिकल म्हणजे ही जाडी हृदयाच्या खालच्या टोकाला असते. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. धाप लागत नाही, दुखत नाही, पोरगं धावतं, उड्या मारतं. पण जाड झालेल्या भागात स्नायूंचे धागे नीट रांगेत नसतात, त्यामुळे तिथून जाणारा विजेचा संदेश कधी भरकटू शकतो, आणि जोराच्या धावपळीत भरकटला तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. मग मिनिटं हातात असतात.

कागदावर हे कसं दिसतं? प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटी टेकडी, मग उंच सुळका, आणि मग एक गोलसर चढ येतो, तो टी वेव्ह. छातीच्या डावीकडच्या बल्बांमध्ये, म्हणजे व्ही-4, व्ही-5, व्ही-6 मध्ये, तो टी वर असायला हवा. या आजारात तो खाली जातो. नुसता खाली नाही, खोल, टोकदार, दरी पडल्यासारखा. जपानी डॉक्टरांनी 1970 च्या दशकात हा प्रकार पहिल्यांदा मांडला तो याच प्रचंड उलट्या टी वेव्हवरून. गंमत नाही, कधीकधी सोनोग्राफीसारखी इको केली तरी ते टोक नीट दिसत नाही, एमआरआय लागतो. पण सेकंदाला पंचवीस मिलिमीटर सरकणारा तो साधा कागद आधी सांगून गेलेला असतो.

आणखी एक अडचण. रोज तासन्‌तास धावणाऱ्या मुलांचं हृदय तसंही थोडं मोठं आणि जाड होतं, नाडी पन्नासच्या आसपास येते, रेघेत बदल दिसतात. ते सरावाचं चांगलं लक्षण. त्यातून खरा आजार वेगळा काढायला अनुभवी डोळा लागतो. म्हणून अशा मुलांचे निर्णय एका डॉक्टरच्या एका वाक्यावर होऊ नयेत असं मला वाटतं. अन्वरच्या बाबतीत परदेशापर्यंत तपासण्या झाल्या, ते योग्यच झालं.

ज्यांनी त्याला थांबवलं त्यांना मी वाईट म्हणणार नाही. 26 जून 2003 ला फ्रान्समधल्या लियाँ शहरात कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो सामना चालू असताना मैदानाच्या मध्यावर, जवळ कोणी नसताना, कोसळला. वय 28. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होता हे शवविच्छेदनात कळलं. आणि आपल्याकडे 5 डिसेंबर 2004 ला बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या फायनलमध्ये डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलकीपरशी धडकला आणि उठलाच नाही. कारण वेगळं असेल, पण ज्या फेडरेशनच्या स्पर्धेत असा मृत्यू झालाय, ते पुन्हा धोका घ्यायला कचरणारच. मैदानावर पोरगं मेलं तर सही कोणाची होती हे विचारलं जातं. हे मी रुग्णालयात रोज बघते. प्रत्येक कागदाखाली कोणाची तरी सही असते.

पण अन्वरकडून बघा. घर त्याच्या खेळावर उभं. दुसरं काही शिकलेला नाही, आणि आजवर एकदाही चक्कर आलेली नाही. 2020 मध्ये तो कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगकडे गेला, तर फेडरेशनने क्लबला कळवलं की याला सरावही करू देऊ नका. तेव्हा तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मुद्दा सरळ होता: हा माझ्या पोटापाण्याचा हक्क आहे, धोका मला माहीत आहे, मला ठरवू द्या.

त्या काळात, म्हणजे कोविडच्या दिवसांत, आमच्याकडे रुग्णालयात जी अवस्था होती ती आठवली तरी अंगावर येतं. पीपीई किटमध्ये घाम गळत असताना ईसीजी काढायचे, आणि रिकाम्या रात्रपाळीत मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचं. तेव्हा मी अन्वरच्या बातम्या शोधून शोधून वाचल्या. वडील गेले होते. हे सांगायला कोणी नव्हतं, मुलगा लहान होता. सगळ्या देशाचा खेळ बंद होता, आणि हा एकटा पोरगा असा, की खेळ सुरू झाला तरी ज्याला बाहेर उभं राहायचं होतं.

डिफेंडरसाठी ही दोन वर्षं कशी असतील? स्टॉपरची समज सरावातून येते. कधी पुढे यायचं, कधी मागे सरकायचं, ऑफसाइडची रेघ कोणाबरोबर धरायची, शेजारच्याच्या चालीवरून काय ओळखायचं, हे भिंतीवर चेंडू मारून शिकता येत नाही. समोर माणूस लागतो, शेजारी जोडीदार लागतो. एकोणीस ते एकवीस, हेच तर ते वय. त्याचे ॲरोजमधले सोबती आयएसएलच्या क्लबांमध्ये स्थिरावत होते, आणि याचं वाढतं वय कागदपत्रांत जात होतं.

2021 मध्ये वाट मोकळी झाली. तो दिल्ली एफसीकडून ड्युरँड कपमध्ये खेळला, आणि जानेवारी 2022 पासून एफसी गोवासाठी. तो हंगाम कोविडमुळे पूर्ण गोव्यातच, फायनल सोडली तर प्रेक्षकांविना झाला. टीव्हीवर खेळाडूंचे आवाज ऐकू यायचे. मला ते फार आवडलं होतं, कारण मागून कोण ओरडतोय ते कळायचं. डिफेंडरचं निम्मं काम तोंडाने असतं: ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे मागे’, ‘डावीकडे बघ’. मुलगा माझ्या शेजारी बसून ते आवाज ओळखायचा.

23 मार्च 2022 ला अन्वर भारताच्या मुख्य संघातून पहिल्यांदा खेळला, बहारीनविरुद्ध. सामना हरलो, 2-1. आणि त्याच आठवड्यात, 26 तारखेला, डेन्मार्कच्या क्रिस्तियन एरिक्सनने नेदरलँड्सविरुद्ध बदली म्हणून उतरून दोन मिनिटांत गोल केला. हा तोच एरिक्सन, जो 2021 च्या युरोमध्ये फिनलंडविरुद्ध मैदानावर कोसळला होता, ज्याचं हृदय बंद पडून परत सुरू केलं होतं. त्याच्या छातीत आता हृदय भरकटलं तर झटका देऊन ठोका ताळ्यावर आणणारं यंत्र बसवलेलं आहे. इटलीत अशा यंत्रासह खेळायला परवानगी नाही, म्हणून इंटर मिलानला त्याला सोडावं लागलं; इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डने घेतलं. एकाच माणसाला एक देश नको म्हणतो आणि दुसरा ये म्हणतो. इटलीचा नियम कडक आहे खरा, पण 1982 पासून तिथे स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची आहे, आणि त्यामुळे खेळाडूंचे अचानक मृत्यू खूप कमी झाले. मला हे दोन्ही हवं वाटतं: तपासणी इटलीसारखी, आणि निर्णयात खेळाडूचा आवाज इंग्लंडसारखा.

14 जून 2022 चा सामना आमच्या घरात अजून निघतो. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, आशियाई कपची पात्रता, समोर हाँगकाँग. आम्ही नुकतं जेवायला बसलो होतो, कडक भाकरी मोडायचा आवाज होतोय, आणि दुसऱ्याच मिनिटाला अन्वरचा गोल. भारताकडून त्याचा पहिला. ताट तसंच राहिलं. मुलगा उठून नाचला, मी रडले. ‘आई, गोल झाल्यावर काय रडतेस बे?’ असं त्याने मला विचारलं. आईला ‘बे’ म्हणू नये हे त्याला दहादा सांगितलंय, पण सोलापूरचं पोर आहे. भारत 4-0 ने जिंकला.

पुढच्या वर्षी सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत कुवेतविरुद्ध शेवटच्या मिनिटांत अन्वरकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला, 1-1. मुलगा त्याच्यासाठी फार कळवळला. मी त्याला म्हटलं, क्रॉस अडवायला पाय टाकणाऱ्याच्याच पायाला लागून चेंडू आत जातो, जो पोचतच नाही त्याच्याकडून स्वयंगोल होत नाही. आठवड्याभरात फायनलला त्याच कुवेतला पेनल्टींवर हरवून भारताने कप घेतला. त्यानंतर मोहन बागान, मग ईस्ट बंगाल, करारांचे वाद, पुन्हा कोर्ट. त्यात मला रस नाही. कोलकात्याची माणसं त्यावर हवं तितकं बोलतील.

आता माझ्या मुलाचं. गेल्या पावसाळ्यानंतर जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी फिटनेस सर्टिफिकेट लागत होतं. ते कसं मिळतं ते खेळाडूंच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. नाव, उंची, वजन, शिक्का. छातीला स्टेथोस्कोपही लागत नाही. आम्हालाही तसंच मिळालं. तो कागद हातात घेऊन मी घरी आले आणि रात्रभर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मुलाला माझ्या खोलीत बोलावलं.

हजारो अनोळखी छातींना मी बल्ब लावलेत. त्याच्या बरगड्या मोजताना हात थंड पडले. चौथ्या फटीत दोन, मग खाली सरकत डावीकडे बाकीचे. डाव्या खांद्याखाली मैदानावरचं ताजं खरचटलेलं होतं, त्याला जेल लागली तसा तो शहारला. ‘हलू नको.’ मशीन चालू केलं. नाडी 54. सुळके उंच. आणि पहिल्या दोन बल्बांत, व्ही-1, व्ही-2 मध्ये, टी खाली.

मला माहीत होतं की या वयात त्या दोन ठिकाणी टी खाली असणं बहुतेक वेळा साधं असतं. वयात येताना तो हळूहळू वर येतो. शेकडो मुलांच्या आयांना मी स्वतः हे धीर म्हणून सांगितलंय. तरी त्या क्षणी मला ते आठवेना. पुढचे बल्ब उमटेपर्यंतच्या सेकंदांत मी कुठे उभी होते ते मला सांगता येणार नाही. व्ही-4 वर. व्ही-5 वर. व्ही-6 वर. छान गोल, गुबगुबीत टी. डॉक्टरांनी पाहिलं, इकोही करून टाकली, आणि म्हणाले, ‘खेळू दे त्याला. दोन वर्षांनी परत काढू.’ तो तोपर्यंत शर्टाची बटणं लावत होता, ‘आई, झालं का? मला उशीर होतोय.’

माझा भाऊ म्हणतो, अन्वरला थांबवायलाच हवं होतं. जिवापेक्षा खेळ मोठा नाही. आमचा यावर दिवाळीत मोठा वाद झाला. माझं म्हणणं असं, की अन्वर सज्ञान होता, त्याला सगळं समजावून सांगितलेलं होतं, आणि त्याच्या आजाराचा हा प्रकार त्या आजारातल्या इतर प्रकारांपेक्षा सहसा सौम्य मानला जातो. अशा माणसाला दार बंद करणं मला पटत नाही. भाऊ म्हणाला, ‘आणि तुझ्या पोराचा टी उलटा निघाला असता तर?’ मी म्हटलं, तो अठराचा होईपर्यंत मी त्याला खेळू दिलं नसतं. बूट लपवले असते, भांडले असते, त्याने बोलणं टाकलं असतं तरी चाललं असतं. अठरानंतर त्याला सगळे कागद समोर ठेवून विचारलं असतं, आणि तो जे म्हणेल ते ऐकलं असतं. मुलगा तिथेच चिवडा खात बसला होता. ‘म्हणजे अठरानंतर माझं मी?’ ‘हो,’ मी म्हटलं. भावाला हे पटलेलं नाही, आणि मला त्याचं न पटणं समजतं.

या सगळ्यातून एक काम ठरलंय. आमच्या डॉक्टरांनी होकार दिलाय, पोर्टेबल मशीन मिळतंय. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली, होम मैदानावरचे पाळणे निघाले, की त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मुलाच्या मैदानावरच्या सगळ्या पोरांचे ईसीजी काढायचे. पोरींचेही. प्रशिक्षकांना आणि मोठ्या मुलांना छाती दाबून हृदय चालू ठेवायचं कसं ते डमीवर शिकवायचं, कारण कोणी कोसळलं तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मैदानावर आपणच असतो. आईबापांना मी आधीच विचारून ठेवतेय: धावताना पोराला कधी चक्कर आली होती का, खेळताना छातीत दुखलं का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. शेवटच्या प्रश्नाला लोक आधी नाही म्हणतात, मग घरी जाऊन आजीला विचारतात आणि परत येऊन सांगतात. म्हणून तो आत्ताच विचारून घ्या.

मुलांना उपाशी आणायची गरज नाही. शर्ट सैल घाला, आणि त्या दिवशी छातीला तेल किंवा पावडर लावू नका, बल्ब टिकत नाहीत.